गोडाऊनात पहिला बीप

आज सांगलीत आमच्या हळदीच्या गोडाऊनात स्कॅनर सुरू झाला. पोत्यावर बारकोड, काटा कॉम्प्युटरला जोडलेला, दारापासून थप्पीपर्यंत पोती वाहून नेणारा पट्टा.

पहिला तासभर काही जमेना. हळदीची भुकटी स्टिकरवर बसायची आणि स्कॅनर गप्प. शेवटी आमच्या सगळ्यात जुन्या हमालमामांनी खांद्यावरच्या टॉवेलानं स्टिकर पुसलं, तेव्हा पहिला बीप आला. मग स्टिकर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पोत्याच्या तोंडाला बांधायचं ठरलं. ही युक्तीही मामांचीच.

एकेकाळी हीच हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत राहायची. कोणत्या पेवात कुणाचा माल, हे माणसांच्या ध्यानात असायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आता कुठलं पोतं कुठून आलं हे सांगता आलंच पाहिजे, आणि आधी आलेला माल आधी बाहेर गेला पाहिजे. वहीवर ते निभत नव्हतं. मागल्या वर्षी खालच्या थप्पीत विसरलेल्या लॉटला कीड लागली, ते माझ्या अजून जिवाला लागलंय.

जेवताना मामांनी विचारलं, "दादा, पट्टा आला, आता आमचं काय?"

घास तोंडातच राहिला. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, पण मामांना कायदा नको होता, उत्तर हवं होतं. पोती मोजायचं आणि स्कॅनिंगचं काम आधी यांनाच शिकवा, असं मी संध्याकाळी मालकांना स्पष्ट सांगितलं. उद्या सकाळी आठला मामांच्या हातात स्कॅनर देणार आहे.