सोलापूरहून दोघांसाठी समुद्र: गोव्यातलं पाळोळे का निवडलं आणि तिथं काय सांभाळायचं

सोलापूरला समुद्र कुठूनच जवळ नाही. रत्नागिरी धरा नाहीतर गोवा, साडेतीनशे-चारशे किलोमीटर आलेच. त्यामुळे आपल्याकडे समुद्राला जायचं म्हणजे दोन-तीन घरं मिळून ट्रॅव्हलर ठरवायची, गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायचं, मुलांना वाळूत सोडायचं आणि संध्याकाळी मोदक खाऊन परत फिरायचं. दोघंच जाणार म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आणि पोरं ओ?" पोरं बार्शीला आजीकडे. काकूंना ते फारसं पटलं नाही, पण तिकिटं काढून झाली होती.

जागा ठरवताना आमच्यात दोन मतं होती. नवऱ्याला गजबज हवी होती. संध्याकाळी गाणी, माणसं, उशिरापर्यंत उघडी दुकानं. दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसाला सुट्टीत शांतता कशाला, असं त्याचं म्हणणं. माझी अट एकच: रात्री जेवण करून, हातात चप्पल घेऊन, पायी खोलीवर परतता आलं पाहिजे. टॅक्सी शोधायला नको, अंधारी गल्ली नको, आणि रस्त्यात दारू प्यायलेल्या पोरांचं टोळकंही नको. सुरक्षित म्हणजे सामसूम, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. मला ते उलटं वाटतं. जिथं रात्री दहालाही बायका-मुलं, म्हातारी परदेशी जोडपी आणि दुकानं उघडी ठेवून बसलेल्या बायका दिसतात, ती जागा बाईमाणसाला जास्त सोयीची.

या मापाने बाकीची नावं गळत गेली. तारकर्ली सुंदर आहे, पाणी स्वच्छ, देवबागचा संगम बघण्यासारखा, सिंधुदुर्ग किल्ला समोरच. पण तिथं जेवणं आटोपली की गाव झोपतं. गणपतीपुळ्याचा किनारा पोहण्याच्या दृष्टीने मला कधीच भरवशाचा वाटला नाही, तिथल्या पाण्याला ओढ आहे. गोकर्णला कुडले आणि ओम किनारे छान आहेत, पण ओमहून रात्री परत यायचं म्हणजे चढण आणि अंधार. थायलंड, बालीचे आकडे काढून झाले आणि वही मिटली. उरला गोवा.

गोवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बागा-कळंगुट येतं. तिथं गजबज भरपूर आहे, खोल्या सगळ्या बजेटच्या मिळतात, आणि घरचा मोठा घोळका असेल तर मजाही येते. जोडप्याने मात्र तिथं एक संध्याकाळ फिरून यावं, मुक्काम दुसरीकडे करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शनिवार-रविवारी मित्रमंडळींच्या गाड्या उतरतात, बाटल्या फुटतात, आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाईकडे मोबाईल रोखणारा एखादा तरी असतोच. उत्तरेला मांद्रे-आश्वेचा पट्टा निवांत आहे. दक्षिणेला कोलवा-बाणावलीत कुटुंबं जास्त. आणि अगदी खाली काणकोण तालुक्यात पाळोळे. तिथं माझी अट आणि नवऱ्याची गजबज दोन्ही बसत होती.

जायचं कसं, हा आपला खरा प्रश्न. होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, फ्लाय ९१ चं. त्यासाठी विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून शहर किती तापलं होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. विमान पंख्याचं, छोटं. पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. आधी आपली तपकिरी रानं, मग उसाचे हिरवे तुकडे, आणि सह्याद्री आला की एकदम गर्द जंगल. साधारण तासाभरात उतरवतात. रोजचं वेळापत्रक धरून चालू नका, वार आणि वेळा बदलतात. आधी विमानाचे वार बघा, मग रजा टाका. बॅगेच्या वजनाची मर्यादा तिकिटावर वाचून घ्या, नाहीतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे काउंटरवर उघडून बसावं लागेल.

विमान नको असेल तर गाडीने मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, आणि पुढे आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता आता चांगला आहे, आंबोलीत मात्र धुकं असेल तर दिवसाच घाट उतरा. दुसरा रस्ता विजापूर-बेळगाव-चोर्ला. रेल्वेवाल्यांनी कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरज गाठावं आणि तिथून गोवा एक्स्प्रेसने मडगाव. ती गाडी दूधसागरच्या घाटातून जाते, पण उजेडाची वेळ साधली तरच त्याचा उपयोग.

एक गोष्ट नकाशावर नीट बघा. विमान उतरतं ते मोपाला, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला. पाळोळे दक्षिण टोकाला. मध्ये सगळा गोवा, शंभरेक किलोमीटर. टॅक्सीने अडीच-तीन तास जातात आणि भाडं विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतं. ओला-उबर गोव्यात नाहीत, गोवा माइल्स हे ॲप आहे, शिवाय विमानतळावर प्रीपेड काउंटर आहे. स्वस्तात जायचं तर मोपाहून कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस धरून आधी मडगाव, आणि मडगावच्या स्टँडवरून काणकोणची बस. आम्ही तसंच गेलो. काणकोणच्या बाजाराला चावडी म्हणतात, तिथं उतरलं की पाळोळे दोन-तीन किलोमीटरवर, रिक्षा मिळते. एटीएम, औषधाचं दुकान, साधी खानावळ हे सगळं चावडीत. किनाऱ्यावर शिरण्याआधीच उरकून घ्या.

पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा. दोन्ही टोकांना खडक पुढे आलेले, त्यामुळे आतलं पाणी बरंच शांत राहतं. उतार हळू आहे, वाळू मऊ. पोहता न येणारी माझ्यासारखी बाई कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभी राहते, हे मी बाकीच्या किनाऱ्यांवर केलं नसतं. नारळांच्या रांगेखाली रंगीत लाकडी खोल्या, त्यांच्यापुढे खाण्याची शॅक, मागे एकच वाकडातिकडा बाजाररस्ता. सगळं पायी. रात्री शॅकवाले टेबलं थेट वाळूत आणून मांडतात, मेणबत्त्या लावतात, कुठं गिटार चालू असतं, कुठं क्रिकेटची मॅच. उघड्यावर मोठ्याने गाणी लावायला रात्री दहानंतर बंदी आहे, त्यावर इथल्या लोकांनी तोडगा काढला तो हेडफोनच्या पार्टीचा. प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं आणि बाहेर सगळं शांत. बाहेरून बघणाऱ्याला तो प्रकार येड्यासारखा दिसतो. नवरा आत जाऊन नाचून आला आणि अजून त्याबद्दल बोलतोय. मी बाहेर आइस्क्रीम खात बसले होते, मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

खोली घेताना फोटोवर जाऊ नका. या खोल्या बहुतेक हंगामी असतात, पावसाळ्याआधी उतरवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा उभ्या करतात. भिंती प्लायवूडच्या, शेजारचा शिंकला तरी कळतं. पाण्याला लागून असलेली पहिली रांग महाग. दुसऱ्या रांगेत भाडं बरंच उतरतं आणि शॅकचा आवाजही कमी येतो. मच्छरदाणी आहे का, दाराला आतून नीट कडी आहे का, आपलं कुलूप लावता येईल का, रात्री वाटेवर दिवा असतो का, हे फोनवर विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बाईने स्वतः विचारलेला बरा. ओळखपत्र दोघांचंही लागतं. लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण मालकाची असू शकते. बुकिंग करतानाच विचारून मोकळं व्हा, म्हणजे दारात उभं राहून वाद नको.

आता पाण्याबद्दल. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी'चे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर उतरायचं नाही. ते लोक दिवसाउजेडीच असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि नेमकी तेव्हाच, दोन बिअर पोटात गेल्यावर, लोकांना पाण्यात जायची हुक्की येते. तेवढं टाळा. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गप्प दिसतो, पाणी जरा गढूळ. नवख्याला वाटतं, इथं बरं आहे. तीच बाहेर खेचणारी ओढ. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत दम घालवू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, नाहीतर तरंगत राहून हात वर करा. जवळचं आगोंद देखणं आहे, पण तिथल्या लाटा जोरकस आहेत. ते कासवांच्या विणीसाठी राखलेलं असल्याने रात्री उजेड-गोंगाटही चालत नाही. दिवसा जाऊन या. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक बेट आहे, ओहोटीला पायी जाता येतं. जाण्याआधी शॅकवाल्याला भरतीची वेळ विचारा, कारण पाणी चढलं की परतीची वाट बंद होते.

कुत्री खूप आहेत. एकेकटी गरीब असतात, पहाटे टोळी करून हिंडतात. सूर्योदयाआधी फिरायला जायची हौस असेल तर जरा उजाडू द्या.

स्कूटरने आम्ही काब द रामचा किल्ला आणि पाटणे किनारा केला. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, पोलिसांनी धरलं तर भुर्दंड तुमचाच. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि तो मालकासमोरच काढा, ओरखड्याचा विषय मग निघत नाही. लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतं. हेल्मेट घाला, आपल्या सात रस्ता चौकात चालून जातं ते इथं चालत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि वाळूत गाडी घालणं, दोन्हीला दंड आहे.

खाण्याचं थोडक्यात. शॅकमध्ये नाश्ता आणि संध्याकाळ काढा, दुपारचं जेवण चावडीत. शीत-कडी म्हणजे भात आणि माशाची आमटी, तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी, किनाऱ्यावरच्या निम्म्या पैशात. सकाळी भाजी-पाव मिळतो, आपल्या पावभाजीशी त्याचं काही नातं नाही, पातळ उसळीसारखी भाजी आणि ताजा पाव. शाकाहारी माणसाचं त्यावर निभतं, पण तिखटाची सवय असेल तर चटणीचा डबा खरोखर कामाला येतो.

कधी जावं? आम्ही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो आणि पुन्हा तेव्हाच जाईन. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त असतं, त्या दिवशी तिकडच्या रस्त्यावर गाडी घालू नका. वीस तारखेनंतर नाताळचे दर लागतात, पाच जानेवारीपर्यंत उतरत नाहीत. त्यानंतर आपल्याकडे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, घरी पाहुणे, तेव्हा सोलापूरकराला निघणं अवघडच. फेब्रुवारी चांगला. मे महिन्यात घाम निघतो आणि खोल्या उतरवायला सुरुवात होते. जून ते सप्टेंबर समुद्र फक्त बघण्यापुरता.

परतीचं विमान मोपाहून असेल तर शेवटची रात्र पाळोळ्यात काढू नका. सकाळी उठून शंभर किलोमीटर पळायचं आणि वाटेत पणजीच्या गर्दीत अडकायचं, त्यापेक्षा आदल्या दुपारीच उत्तरेला या. आम्ही मांद्र्याला थांबलो. तिथून विमानतळ तासाभराच्या आत. मांद्र्याचा किनारा रुंद आणि निवांत आहे, पण खोल्या पाण्यापासून लांब, आणि रात्री वाटेत एक मोठा अंधारा तुकडा लागतो. तिथं उतरलात तर जेवण खोलीच्या आवारातच सांगा, आणि सकाळची टॅक्सी रात्रीच ठरवून चालकाचा नंबर घेऊन ठेवा.