जिवंत ज्वालामुखी, चहा-नाष्ट्यासह

अंडी मी नेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ‘देवाच्या कुंडावर अंडी नेणारा गाईड’ अशी माझी ख्याती पुढे दोन महिने त्या पट्ट्यात होती. हायवेवरचा आमचा चहावाला अजूनही गाडी थांबली की विचारतो, “आज किती डझन?”

मी गुहागरचा. छोट्या सहली काढतो. एक गाडी, सात-आठ माणसं, सकाळी निघायचं, रात्री जेवायला परत. मोठ्या बसच्या भानगडीत पडत नाही. आमच्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की बस मागे घेण्यातच जीव जातो. गिऱ्हाईक बहुतेक एकमेकांच्या तोंडून येतं. पण त्या जानेवारीत मुंबईच्या एका बुकिंगवाल्यानं सातही सीट भरून दिल्या, म्हणून मी खूश होतो. आदल्या रात्री त्याची जाहिरात पहिल्यांदा नीट वाचली. मी लिहून दिलं होतं, ‘बामणघळ, जांभ्याचा सडा, गरम पाण्याची कुंडं’. त्यानं छापलं होतं, ‘कोकणातला जिवंत ज्वालामुखी! एक दिवसाची सहल, चहा-नाष्ट्यासह.’ मागे कुठल्या तरी परदेशातल्या लाल लाव्ह्याचा फोटो.

फोन लावला. “अरे, हे काय छापलंस?”

“तूच नाही का मागच्या वर्षी म्हणालास, कुंडाखाली ज्वालामुखी झोपलाय म्हणून?”

म्हणालो होतो, तीच तर पंचाईत. सात वर्षं मी कुंडाच्या काठावर उभा राहून हेच सांगत आलो होतो. “पायाखाली ज्वालामुखी झोपलाय, ही वाफ म्हणजे त्याचा श्वास.” लोक एक पाऊल मागे सरकायचे, मग पुन्हा पुढे येऊन फोटो काढायचे. झोपलेला ज्वालामुखी मला आधीच्या गाईडकडून मिळाला होता. श्वास मी घातला.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. खऱ्या जिवंत ज्वालामुखीवर माणसं घेऊन जाणं म्हणजे काय, हे मी धंद्यातला म्हणून वाचलेलं होतं. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ला स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, बरीचशी दिवसाच्या सहलीला आलेली. २२ जण गेले. त्यात गाईडही होते. आणि आम्ही तो शब्द चहा-नाष्ट्याबरोबर विकायला काढला होता.

सकाळी सातजण घावनं खाऊन गाडीत बसले. पुण्याचं जोडपं आणि त्यांची आठवीतली मुलगी, डोंबिवलीच्या दोन निवृत्त शिक्षिका बहिणी, ठाण्याचा बँकेतला एक तरुण आणि नाशिकचे सत्तरीचे एक काका. काकांनी बसतानाच गुडघ्याला हात लावून सांगितलं, “मी फक्त गरम पाण्यासाठी आलोय हो.” ठाणेकराच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. मी समजलो कॅमेऱ्याचं सामान.

गाडी बाजारपेठेबाहेर पडायच्या आत मुलीनं विचारलं, “काका, भारतात जिवंत ज्वालामुखी एकच ना? बॅरन बेटावरचा?”

“हो,” मी म्हणालो.

“ते अंदमानात आहे.”

“हो.”

“मग आपण कुठे चाललोय?”

ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. “हेदवीला,” मी म्हणालो. “तिथे सांगतो.”

हेदवीची बामणघळ म्हणजे समुद्रालगतच्या काळ्या कातळातली एक अरुंद चीर. भरतीला लाट तिच्यात घुसते, पुढे वाट नाही म्हणून सरळ वर उसळते, आणि उसळायच्या आधी आतून घुम्म असा आवाज येतो. वेळ साधली नाही तर नुसती भेग बघून परत यायचं. आमच्याकडे हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी द्वादशी होती, बाराची पाऊणपट नऊ. पावणेनऊला मी सगळ्यांना घळीपासून लांब, कोरड्या कातळावर उभं केलं. शेवाळावर पाय नको, समुद्राकडे पाठ करून सेल्फी नको, हे दोनदा बजावलं. इथे मी कडक असतो. लाटेला माणूस नवा आहे की जुना हे कळत नाही.

चौथी की पाचवी लाट अशी आली की दोघी शिक्षिका एकदमच ओरडल्या. पाणी डोक्याच्या वर गेलं आणि शिंतोडे आमच्यापर्यंत आले. ठाणेकर म्हणाला, “हे भारी आहे. पण ज्वालामुखी?”

“तुम्ही त्याच्यावरच उभे आहात,” मी म्हणालो. हे मात्र खरं होतं, आणि खरं सांगताना आवाज आपोआप खाली येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळचं घावन आठवा, मी म्हणालो. पातळ पीठ तव्यावर ओतलं की आपणच पसरतं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे तसं झालं. शंकूसारखा डोंगर नाही, टोकावरचं भोक नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून हजार-अकराशे अंशांचा पातळ लाव्हा वाहत सुटला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा. अशी थरावर थर घावनं. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या ह्या थरांच्याच. आजही त्या दगडानं देशाची जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. मग मी पुण्याच्या वहिनींना वाकून कातळ बघायला सांगितलं. त्याला बारीक भोकं होती.

“अगंबाई, जाळी!” त्या म्हणाल्या. घावनाला जाळी पडते ती वाफेनं, दगडाला पडली ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी. त्यांनी मुलीचा हात धरून बोट भोकांवरून फिरवलं. सात वर्षांत माझ्या झोपलेल्या ज्वालामुखीला कुणी असा हात लावला नव्हता.

“मग तो बंद का पडला?” मुलगी.

तो बंद पडलाच नाही, आपण त्याच्यावरून निघून आलो. जमिनीच्या खोल पोटात जी शेगडी होती तिच्यावरून भारताचा तवा उत्तरेला सरकत गेला. तीच शेगडी आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जास्त वेळा फुटणाऱ्यांपैकी आहे. कोकणापासून चार हजार किलोमीटरहून लांब.

“म्हणजे जाहिरातीतला ज्वालामुखी आपलाच आहे, पत्ता बदललाय,” धाकट्या शिक्षिका म्हणाल्या. ते वाक्य मी अजून वापरतो.

पुढचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, कुणाला फारसा आवडला नाही. वर तळपतं ऊन, खाली तांबडा जांभा, दूरवर एखादं काजूचं झाड. हा जांभासुद्धा त्याच काळ्या दगडाचा, लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन झिजून उरलेला, आपल्या घरांचे चिरे ह्याचेच, असं सांगेपर्यंत अर्धे लोक गाडीत जाऊन बसले होते. आबलोलीवरून आत वळून हायवेला लागेपर्यंत सगळे पेंगत होते. आणि पेंगणारी गाडी म्हणजे गाईडचा पराभव. तिथे माझा तोल गेला.

संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी अशी गरम पाण्याची ठिकाणं हायवेच्या आसपास आहेत. त्यांतल्या एका कुंडावर आम्ही साडेबाराला पोचलो. उगमाच्या कुंडात हात ठेववत नाही, तिथे नुसतं बघायचं. आंघोळीला बाजूला वेगळी जागा. वाफ, गंधकाचा पुसट वास, शेजारी देऊळ. ठाणेकर जांभई देत म्हणाला, “मग हे तरी ज्वालामुखीचं ना?”

तोंडातून निघून गेलं, “खाली झोपलाय तो. हा त्याचा श्वास. ह्या उष्णतेनं सांधे मोकळे होतात.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. नाशिकच्या काकांनी मात्र टॉवेल काढला.

मी देवळाच्या पायरीवर बसून जेवणाच्या खानावळीला फोन करत होतो. काका पाण्यात गळ्यापर्यंत बसले होते, डोळे मिटून. एकदा हाक मारली तर म्हणाले, “अजून पाच मिनिटं, श्वास घेतोय.” माझंच वाक्य. मी हसलो आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. अर्धा तास झाला असावा. ते एकदम उठले, पांढरे पडले आणि पायरीवर कलंडले.

काठाला कपडे धूत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं त्यांना काखेत धरलं म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही. मी पोचलो तेव्हा तो हुकूम सोडत होता. “बसवू नका! आडवा करा. सावलीत. पाय वर.” काकांचे पाय माझ्या सॅकवर ठेवले. पाणी पाजायला निघालेल्या थोरल्या शिक्षिकेला त्यानं हातानंच थांबवलं, “शुद्धीवर येऊ दे आधी.” दोनेक मिनिटांत काकांनी डोळे उघडले. ती दोन मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. प्रथमोपचाराची पेटी गाडीत होती, गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर वडापाव खायला.

“बीपीच्या गोळ्या घेता?” म्हाताऱ्यानं काकांना विचारलं.

“दोन.”

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न मी सकाळी विचारायला हवा होता. गरम पाण्यात शिरा सैल पडतात, रक्तदाब उतरतो, त्यात औषध आणि झटकन उठणं. दहा मिनिटांच्या वर अशा माणसाला बसू द्यायचंच नसतं. मला ते माहीत होतं. लाटेबाबत दोनदा बजावणारा मी, कुंडावर गोष्ट सांगत बसलो.

काकांना जवळच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं. सगळं ठीक होतं. परत येतो तर कुंडावर दुसरंच प्रकरण. ठाणेकर बालीला बाटुर ज्वालामुखीवर जाऊन आला होता, तिथल्या गाईडनं त्याला वाफेवर अंडी उकडून दिली होती. जाहिरात वाचून ह्यानं घरून डझनभर अंडी आणली. तोच तो खोका. आमची धावपळ चालली असताना पठ्ठ्यानं रुमालात एक अंडं बांधून उगमाच्या कुंडात सोडलं होतं, आणि गुरवानं ते वर काढलं होतं.

गुरव संतापला होता, आणि बरोबरच होतं. म्हातारा मात्र रुमाल सोडून अंडं बघत होता. त्यानं ते लांब गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेऊन फोडलं. आतलं सगळं पातळच.

“गाईडभाऊ,” तो म्हणाला, “अर्धा तास झाला, अंडं काय शिजला न्हाय. कसला हो तुमचा ज्वालामुखी?”

मुलगी हसली नसती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी सांगितलं. पायरीवर उभा राहून, सगळ्यांसमोर. खाली काही झोपलेलं नाही. इतक्या कोटी वर्षांत कोणताही लाव्हा गरम राहत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, आणि जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते; तिथे तापून ते दुसऱ्या भेगेनं वर येतं. बस. सात वर्षं मी थाप मारत होतो.

कुणी रागावलं नाही, ह्याचंच मला जास्त लागलं. गुरवानं नारळ मागितला. ठाणेकर धावत जाऊन घेऊन आला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, आज ह्या पावण्यांच्या हातून अजाणता जी काय चूक झाली असंल ती पोटात घाल महाराजा!” आम्ही सगळे “व्हय महाराजा!” म्हणालो, डोंबिवलीच्या बहिणी सर्वांत मोठ्यानं. मागून म्हाताऱ्यानं भर घातली, “आणि गाईडच्या तोंडून जा खोटं गेलं, ता पण.” गुरवानं तेही देवाला सांगितलं. व्हय महाराजा.

मग म्हातारा आमच्याबरोबर चहाला आला. तीस वर्षं बोटीवर होता, खलाशी म्हणून चढला आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरला. मुलीनं विचारलं, “आजोबा, तुम्ही खरा ज्वालामुखी बघितलाय?”

“स्ट्रोंबोली,” तो म्हणाला, जसं कुणी शेजारच्या वाडीचं नाव घ्यावं. इटलीजवळ समुद्रातच डोंगर उभा आहे, बोट रात्री बाजूनं जायची. काळोखात वरचं टोक एकदम लाल व्हायचं, मग विझायचं, मग थोड्या वेळानं पुन्हा लाल. जुने दर्यावर्दी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. “पहिल्यांदा बघितला तेव्हा रात्रीच्या पहाऱ्यावर होतो. वाटलं, कुणीतरी बिडी ओढतोय.” एवढंच. ना श्वास, ना झोप. सगळे चहा निववून बसले होते.

उरलेल्या अकरा अंड्यांचं चहावाल्यानं आमलेट करून दिलं. त्याला सगळी हकीगत ठाणेकरानंच सांगितली.

रात्री मी बुकिंगवाल्याला फोन केला, जाहिरात बदल म्हणून. “जिवंत काढू की ज्वालामुखी?” त्यानं विचारलं. दोन्ही काढ म्हणालो. पुढच्या महिन्यात त्यानं एकही सीट दिली नाही. आता मी गाडी निघायच्या आधी सगळ्यांना गोळ्यांचं विचारतो, प्रथमोपचाराची पेटी सॅकमध्ये ठेवतो आणि कुंडावर हातात घड्याळ घेऊन बसतो.

नाशिकच्या काकांचा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच निरोप आला होता: ‘सुखरूप आहे. गुडघा खरंच हलका वाटतोय हो. पुढची सहल कधी?’