ब्रेन ट्युमरनंतर लेकीचा दाखला आणि सात महिने अडकलेला अर्ज

"सरासरी सामान्य, सबब अपात्र." लाल शाईतला हा शेरा मला पाठ झालाय. लेकीच्या अर्जावर दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही सात महिने खेटे घातले आणि त्यात हा शेरा दोनदा बसला. आता दाखला हातात आहे, परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो, तरी ती लाल शाई आठवली की माझं डोकं तापतं. ज्यांची मुलं ब्रेन ट्युमरमधून वाचली आणि आता शाळेत मागे पडताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

लेक सहा वर्षांची असताना तिच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची गाठ निघाली. मुलांना होणाऱ्या मेंदूच्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. ऑपरेशन झालं, मग संपूर्ण डोकं आणि पाठीच्या कण्याला २३.४ ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन, गाठीच्या जागी वाढवत नेऊन एकूण ५४ ग्रे, मग सिस्प्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिनची कीमो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली ती पाच आठवडे. अशा ऑपरेशननंतर साधारण चारांतल्या एका मुलाला हे होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसांबद्दल मी इथे लिहीत नाही. आज ती चौदा वर्षांची आहे आणि उपचार संपल्यापासून एकाही एमआरआयमध्ये काही निघालेलं नाही.

खरी अडचण दिसायला लागली ती नऊ-दहा वर्षांची झाल्यावर. तोंडी विचारलं की उत्तर बरोबर, पण पेपर अर्धा कोरा. फळ्यावरचं उतरवून घेण्यात सगळ्यांत शेवटी. तीन सूचना एकदम दिल्या की पहिलीच तिच्या लक्षात राहायची. शिक्षकांना वाटलं आळस आहे. मलाही वाटलं, आणि मी तिला रागावले. त्याची टोचणी अजून आहे.

न्यूरोसायकॉलॉजिस्टची, म्हणजे मेंदूच्या इजेचा शिकण्यावर काय परिणाम झालाय ते चाचण्यांनी तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची, तारीख मिळायला चार महिने लागले. चाचण्या दोन बैठकांत झाल्या. त्या बाईंनी जे समजावलं ते कुणीतरी आम्हाला सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. रेडिएशनने मेंदूतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे एका जागेहून दुसरीकडे निरोप नेणाऱ्या तंतूंना इजा होते. मूल शिकलेलं विसरत नाही, पण नवं शिकण्याचा वेग मंदावतो. बरोबरीची मुलं त्यांच्या वेगाने पुढे जात राहतात, म्हणून अंतर दरवर्षी वाढत जातं. रेडिएशन जितक्या लहान वयात, तितका फटका मोठा.

अहवाल घेऊन आम्ही दाखल्याच्या कार्यालयात गेलो. अर्ज भरणं, फोटो, साक्षांकित प्रती, सगळं एका सकाळी झालं.

अडकलो ते तपासणीच्या तक्त्यावर. त्यात बुद्ध्यांकासाठी एक चौकोन, कानांसाठी एक आणि चालण्यासाठी एक. प्रत्येक चौकोनात एकच आकडा. लेकीचा एकूण बुद्ध्यांक ८८. कानांची सरासरी १५ डेसिबल (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). चालते काठीशिवाय. खिडकीतल्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गाठ निघाली ना? मुलगी छान दिसते की. मग आता काय?"

मी अहवालाचं तिसरं पान उघडून दाखवायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. "आम्हाला एकच आकडा लागतो."

त्याच तिसऱ्या पानावर सगळं होतं. चाचणीत सरासरी मूल १००वर धरतात. शब्द आणि भाषा समजण्यात लेकीला १०४, म्हणजे बरोबरीच्या मुलांहून कणभर सरसच. चालू कामातली स्मृती, म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, ७९. आणि काम उरकण्याचा वेग ६८. तिच्या वयाच्या शंभर मुलांत जेमतेम दोन तिच्याहून हळू असतील. हे सगळं एकत्र केलं की ८८ येतो, कारण एकूण बुद्ध्यांक ज्या सात उपचाचण्यांवरून काढतात त्यांत वेगाची एकच असते. तिची सर्वांत मोठी अडचण त्या एका आकड्यात बुडून जाते.

पहिल्यांदा अर्ज परत आला तो त्या लाल शेऱ्यासकट. दुसऱ्यांदा त्रुटी निघाली तारखेवरून. आजार सहाव्या वर्षी, अर्ज चौदाव्या वर्षी, "मधल्या काळात अडचण नव्हती काय, खुलासा करावा." खुलासा मी स्वतः लिहून दिला. अंतर वर्षागणिक कसं वाढतं, ते न्यूरोसायकॉलॉजिस्टनी सांगितलं तसंच लिहिलं. तो कागद हरवला. माझ्याकडे पोच नव्हती. म्हणून आधी हेच सांगते: त्या खिडकीत एक कागद जरी दिला तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. समोरचा कितीही गोड बोलला तरी नाही.

तिसऱ्यांदा पुन्हा तोच शेरा. त्या दिवशी लेक सोबत होती. साडेतीन तास बाकावर बसून तिचा चेहरा उतरला होता. बाहेर पडताना म्हणाली, "आई, मी बरी झालेय असं सगळ्यांना वाटतंय, तर आपण राहू दे ना." मला तिला उत्तर देता आलं नाही.

कोंडी फोडली ती ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, आणि तीही सहज बोलता बोलता. मी नुसती ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, प्रत मागायला गेले होते. त्यांनी विचारलं, "सरासरी कुठल्या फ्रिक्वेन्सींची घेतली?" मला माहीतच नव्हतं. ५००, १००० आणि २००० हर्ट्झ, म्हणजे खालच्या आणि मधल्या पट्टीचे आवाज. तिथे लेकीचे आकडे १०, १५, २०. म्हणून सरासरी १५ आणि कान नॉर्मल. पण ४००० हर्ट्झला ६० डेसिबल आणि ८०००ला ७५. सिस्प्लॅटिन कानातल्या पेशी मारतं, त्यांत आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या, आणि त्या परत उगवत नाहीत. स, श, फ हे उच्चार याच पट्ट्यात येतात. 'सात'मधला 'स' गेला की उरतं ते 'आठ'सारखंच ऐकू येतं, आणि हे गणिताच्या तासाला, मागे गोंगाट चालू असताना.

म्हणजे कान आणि बुद्धी, दोन्हीकडे चूक एकच होती. जिथे इजा आहे तो आकडा सरासरीत पुरला जात होता. हे कळल्यावर मला आधी रडू आलं, मग हायसं वाटलं.

त्यानंतर तीन पत्रं घेतली. ऑडिओलॉजिस्टनी फ्रिक्वेन्सीनुसार आकडे आणि "सरासरी या रुग्णासाठी लागू करू नये" असं स्पष्ट वाक्य दिलं. न्यूरोसायकॉलॉजिस्टनी भाषा, स्मृती, वेग असा प्रत्येक निर्देशांक वेगळा लिहिला आणि त्यांत एवढी तफावत असताना एकूण बुद्ध्यांक प्रातिनिधिक धरता येत नाही, हे नोंदवलं. हे वाक्य मागून घ्या, आपणहून येईलच असं नाही. कर्करोगाच्या डॉक्टरांचं पत्र सर्वांत महत्त्वाचं ठरलं. त्यात रेडिएशनचा डोस, सिस्प्लॅटिनची एकूण मात्रा, त्या वेळचं वय, आणि या उपचारांचे परिणाम उशिरा दिसतात व कायम राहतात, हे अर्ध्या पानात होतं. आधीच्या पत्रात फक्त "रुग्ण आजारमुक्त" होतं. ते खरंच होतं, पण खिडकीपलीकडे त्याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा लावला गेला.

ही पत्रं घेऊन मी साहेबांची वेळ मागितली. त्यांनी तिसरं पान वाचलं. वीस मिनिटांत काम झालं. सात महिन्यांत ते पान वाचणारा पहिला माणूस तो होता.

आता आठवतील तशा गोष्टी सांगते. उपचार संपतील त्याच आठवड्यात उपचारांचा सारांश मागून घ्या, त्यात डोस आकड्यांत हवेत. आम्हाला जुन्या नोंदी शोधायला दीड महिना गेला. चाचणीच्या आधी थायरॉइड तपासून घ्या, कारण थायरॉइड कमी पडला तरी मूल मंदावतं. डोक्याला रेडिएशन झालेल्या मुलांत नुसता टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) पाहून थांबू नका, फ्री टी४ (खुद्द थायरॉइडचं हार्मोन) हेही बघायला सांगा. बिघाड पिट्युटरीत, म्हणजे टीएसएच बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीत, असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. तिथेही एका आकड्यावर विसंबायचं नाही. उंची वाढत नसेल तर ग्रोथ हार्मोनचं विचारा, रेडिएशनचा फटका त्याला सर्वांत आधी बसतो. शाळेकडून पत्र घेताना "अभ्यासात मागे" असं मोघम नको. तासाभराच्या पेपरात किती प्रश्न सुटले, तोंडी परीक्षेत काय आलं, असं ठोस हवं.

चाचणी घेणाऱ्यांना सांगा की थकवाही नोंदवा. सकाळी, शांत खोलीत, एकटीला बसवून आलेले आकडे वर्गातल्या दुपारपेक्षा चांगलेच येतात. लेकीच्या अहवालात "चाळीस मिनिटांनंतर विश्रांतीची गरज" ही एक ओळ होती. शाळेने पेपराच्या मध्ये विश्रांती दिली ती त्याच ओळीवर. आणखी एक, शाळेत पहिल्या बाकाची मागणी करा. दाखला नसतानाही ती मिळते. मी ती फार उशिरा केली.

दाखल्यावर मुदत आहे. पुढच्या वेळी लेक सतरा वर्षांच्या पुढे असेल, म्हणजे चाचणी मुलांच्या संचावर न होता मोठ्यांच्या संचावर होईल. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर पुन्हा कुणी सरासरी काढायला बसेल. म्हणून या वेळचा पूर्ण अहवाल, सगळ्या उपचाचण्यांसकट, मी तीन प्रतींत काढून ठेवलाय, आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे तारीख आत्ताच मागितली आहे.