बारा आण्याचा मसाला

जूनमध्ये आमच्या दुकानात शाळेच्या सायकलींची रांग असते, ब्रेक, पंक्चर, चेन, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्याच गर्दीत एक पोरगा गोणपाटात गुंडाळलेला शॉकअप (पुढच्या चाकाचा, धक्के गिळणारा चिमटा) घेऊन आला, आणि ती केस अजून डोक्यातून जात नाहीये.

पोरगा रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याचा, नुकतीच बारावी झालेली, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला जायचा. त्या पैशातून पुण्यातल्या कुणाकडून तरी वापरलेला सनटूर कंपनीचा एअर शॉकअप, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, घेतलेला, २६ इंची चाकाचा, १०० एमएम दबणारा, सात हजाराला. सायकल नवीन घेतली तेव्हाच नऊ हजाराची, आज विकायला काढली तर दोन हजार पण कोणी देणार नाही. मी म्हटलं, अरे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! तर म्हणतो, "काका, कोंबडी घरचीच आहे, मसाला तेवढा आणलाय." आता यावर काय बोलणार.

तरी सगळ्यांना सांगतो ते त्यालाही सांगितलं. साधा चिमटा लावू, टायर जाड घालू, हवा जरा कमी ठेवू, सायकल हलकी होईल आणि पैसे वाचतील. ऐकेना. त्याला सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, कातळातून चालवायची होती.

मग जुना शॉकअप उतरवला. उतरवण्याआधी हँडल धरून पूर्ण वजन टाकलं तर जागचा हलेना. खालचे दोन बोल्ट सोडले आणि पायातून लाल पाणी ओघळलं, चांगलं वाटीभर, त्यामागून गंजून तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे. वरच्या रॉडवर जे काळे रबरी बूट असतात ना, लोकांना वाटतं त्याने रॉड सुरक्षित राहतो, पण आपल्याकडे खारी हवा आणि जांभ्याची माती त्या बुटातच जाऊन बसते आणि आतल्या आत क्रोम खाते. बूट वर सरकवला तर रॉडला देवीचे व्रण असावेत तशी भोकं. म्हणजे हा पोरगा कित्येक महिने शॉकअप नसलेलीच सायकल चालवत होता, आणि वर अडीच किलोचं लोखंड पुढे वाहत होता. कंपन्या स्वस्तातल्या सायकलीला असला शॉकअप लावतात तो फक्त दुकानात दाबून बघायला. आईबाप दोनदा दाबतात, खुश होतात, वर विचारतात डबल शॉकअपवाली आहे का.

खरं काम पुढेच होतं. जुन्याचा स्टिअरर, म्हणजे फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी, आट्यांचा होता, नवा बिनआट्यांचा. नशीब दोन्ही एक इंच एक सूतच, म्हणजे २८.६ एमएम, आणि हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची ती पुढची उभी नळी, आतून ३४, त्यामुळे नुसता हेडसेट, म्हणजे तिच्यातले बेअरिंग आणि कप, बदलून भागलं. टेपर, म्हणजे खाली जाड होत जाणारा, निघाला असता तर तिथेच हात जोडले असते. पण हेडसेट बदलला म्हणजे स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, तो पण बदलला, कारण जुना आत खुपसायचा आणि नवा बाहेरून आवळायचा. वापरलेला शॉकअप घेताना नळी किती कापलीय हे कोणी विचारतच नाही. ह्याची १८२ एमएम होती. हेडट्यूब १२०, हेडसेटचे २५, स्टेमचे ४०, झाले १८५, आणि नळी स्टेमच्या तोंडाच्या दोन-तीन एमएम आतच हवी, नाहीतर वरची टोपी आवळूनही हँडलमधला खडखड जात नाही. म्हणजे स्पेसर, मध्ये घालायच्या रिंगा, एकही नाही, पण बसला! हँडल खाली गेलं असतं, पण जुना ८० चा आणि हा १०० चा, त्यामुळे पुढची बाजू तेवढी उचलली गेली. हेडट्यूबचा कोन एखादा अंश पडला असेल, पण उताराला ते बरं.

हेडसेटचे कप मी हातोडीने ठोकत नाही. थ्रेडेड रॉड, दोन नट आणि जाड वायसर, एवढ्यावर हळूहळू सरळ दाबत नेतो, तिरका गेला की हेडट्यूबची वाट लागते. आणि चाकाचं म्हणाल तर ह्याच्या हबमध्ये नटवाला साडेनऊ एमएमचा एक्सल आणि शॉकअपची खाच ९ ची. बरेच जण इथे सरळ कानस काढून खाच मोठी करतात. अहो, तो पाय मॅग्नेशियमचा, त्यावरच पुढचं चाक, त्यावरच डिस्क ब्रेकचा जोर. मी पोकळ एक्सल, कोन, क्विक रिलीज असं सगळं बदललं. अजून खर्च.

एवढ्यात त्याचे वडील शोधत आले. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून होड्या वर ओढलेल्या, माणूस घरी. मला वाटलं आता पोराला शिव्या बसणार. ते खाली बसले, रॉडवरून नख फिरवलं, सील दाबून बघितलं.

"भाऊ, ह्याला खारं लागलं तर?"

म्हटलं, रोज फडक्याने पुसायचं, आणि पन्नास तास चालवली की खालचे पाय उतरवून तेल बदलायचं.

"तासावर होय? आमच्या इंजिनाचं पण तासावरच." मग विचारलं, "उद्या दुसरी सायकल घेतली तर हा तिला लागेल ना?"

इथे कुठलाही दुकानदार हो म्हणतो. मी नाही म्हटलं. नव्या फ्रेमच्या टेपर हेडट्यूबमध्ये ही नळी रिड्यूसर घालून एकवेळ बसेल, पण चाकं आता साडेसत्तावीस नाहीतर २९, ती २६ च्या शॉकअपमध्ये फिरणार कशी? एक्सल पण बऱ्याच ठिकाणी १५ चा. धंद्याने २६ वाल्यांना वाऱ्यावर सोडलंय, हा माझा जुना राग आहे. पोराने मान खाली घातली. वडील एवढंच म्हणाले, "आता हा जोरात सोडणार. ब्रेक कसे आहेत ह्याचे?"

पुढचे पॅड बदलून दिले, मागचा कामचलाऊ होता, तो तसाच राहिला कारण पैसे संपले. पोराला बसवून हवा भरली, रॉडवर बारीक केबल टाय बांधला, नुसत्या वजनाने २२ एमएम खाली आला, बरोबर. पावसात एक चक्कर मारून आला तो दात काढतच.

तेव्हापासून वडिलांचंच वाक्य डोक्यात फिरतंय. जुन्या शॉकअपवर हात दुखायचे म्हणून तो उताराला आपोआप हळू यायचा. आता पुढचं चाक सगळं गिळतं आणि बाकीची सायकल आहे तीच. हिशोब किमतीचा नव्हताच, वेगाचा होता, आणि तो मी नाही, सायकल न चालवणाऱ्या माणसाने मांडला.

परवा आला तर मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले, रिम आठ झालेली. सरळ करून दिली, शॉकअपची हवा बघितली. डबल वॉल रिमचा भाव विचारत होता. आधी मागचा ब्रेक, मग रिम, असं सांगून परत पाठवलाय.