वरचं दूध, वरचं खाणं आणि आमची लेक

लेकीचा पहिला वाढदिवस झाला आणि तेव्हापासून आमच्याकडे दुधावरून आणि खाण्यावरून जे काही चालू आहे ते लिहून ठेवायचं कधीचं मनात होतं, आज ती लवकर झोपलीय तर बसले लिहायला.

सुरुवात दुधापासून. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य दूध म्हणून द्यायचं नाही हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, कारण त्यात प्रोटीन आणि क्षार जास्त असतात, बाळाच्या किडनीवर ताण येतो, आतड्यातून अगदी बारीक रक्तस्राव होऊ शकतो आणि लोह तर त्यात जवळजवळ नसतंच. म्हणून वर्षभर अंगावरचं आणि जोडीला फॉर्म्युला (बाळांसाठीचं डब्यातलं पावडरचं दूध) असं चाललं होतं. वर्ष झाल्यावर डॉक्टर म्हणाले आता फॉर्म्युला बंद करून साधं फुल क्रीम दूध द्या, अंगावरचं तुम्हाला दोघींना हवं तितके दिवस चालू राहू दे, दोन वर्षं आणि पुढेही चालतं. मला वाटलं चला, एक डबा कमी झाला. पण लेकीने पहिला घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तो सगळा घोट हनुवटीवरून खाली सोडून दिला. रागावली नाही, रडली नाही, फक्त हे दूध नाही असं तिचं ठाम मत झालं.

आणि खरं सांगू का, तिचं बरोबरच होतं. आईच्या दुधात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर 100 मिलीला साधारण 7 ग्रॅम असते, फॉर्म्युलातही तेवढीच ठेवतात, आणि गाईच्या दुधात जेमतेम पावणेपाच. म्हणजे वर्षभर गोड दुधाची सवय असलेल्या जिभेला हे फिकं लागणारच, वास वेगळा, साय वेगळी, बॉटलऐवजी कप, सगळंच वेगळं. हे कळल्यावर मला तिच्या नखऱ्यांचं काही वाटेनासंच झालं. साखर घालून दे असं घरात दोन बाजूंनी सुचवलं गेलं पण ते मी नाही केलं, कारण एकदा गोड दूध म्हणजेच दूध असं डोक्यात बसलं की ते काढायला परत वेगळी लढाई.

आम्ही मिसळत गेलो. तीन भाग तयार केलेला फॉर्म्युला आणि एक भाग दूध, ते चार-पाच दिवस, मग अर्धं अर्धं, मग उलटं. (पावडर नेहमी आधी पाण्यात मापाने कालवायची आणि मग त्यात दूध घालायचं, पावडर थेट दुधात नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं होतं.) तिला कोमट लागतं, गार दिलं की तोंड फिरवते, म्हणून तेही पाळलं. मधे सर्दी झाली तेव्हा अर्ध्यावरच थांबलो, पुढचं पाऊल ती बरी झाल्यावर. कुठलीच घाई नव्हती, कारण कॅल्शियमसाठी दूधच पाहिजे असंही नाही, दही चालतं, चीज चालतं. या वयात दिवसाला 700 मिलिग्रॅम कॅल्शियम धरतात आणि एक कप दुधात 300 च्या आसपास मिळतं, एक कप दह्यातही जवळजवळ तितकंच. दही ती बोटं बुडवून बुडवून खायची त्यामुळे मी निवांत होते.

पण मग गाडी उलटीकडे निघाली. दूध आवडायला लागलं आणि इतकं आवडायला लागलं की जेवणच नको. भूक लागली की दूध, झोप आली की दूध, पडली तरी दूध. जेवायला बसवलं की ओठ घट्ट मिटून मान डावीकडे, चमचा डावीकडे गेला की मान उजवीकडे. त्यात आजी म्हणणार, अगं खात नाहीये तर निदान दूध तरी पाज, उपाशी कसं ठेवायचं लेकरू. आजीचं चुकतंय असं मला वाटत नाही, तिच्या जिवाची ती तगमग मला दिसते, माझीही तीच होते. पण हे चक्र असं आहे की खात नाही म्हणून दूध, आणि दूध प्यायली म्हणून खात नाही.

नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन थोडं कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी हे नीट उलगडून सांगितलं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. एक लिटर गाईच्या दुधात लोह असतं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 7 मिलिग्रॅम लागतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसिन (दुधातलं मुख्य प्रोटीन) दुसऱ्या अन्नातलं लोहसुद्धा नीट शोषू देत नाहीत. म्हणजे दूध पोट भरतं, भूक मारतं, आणि रक्ताला हवं ते देत नाही. मूल दिसायला गुटगुटीत आणि आतून फिकं. त्यांनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि दूध दिवसाला 400-500 मिलीपर्यंत आणायला सांगितलं, 700 च्या वर तर कुठल्याच मुलाचं जाऊ नये म्हणाले. आणि दूध जेवणानंतर किंवा मधल्या वेळेला, कपातून, बसून. हातात बॉटल घेऊन घरभर फिरणं बंद.

कपाबद्दल थोडं. बॉटल एक ते दीड वर्षाच्या दरम्यान सुटावी असं सांगतात, दातांसाठी, आणि यासाठी पण की बॉटलमधून दूध न कळता जातं, कपातून तेवढंच जातं जेवढं खरंच प्यायचंय. आम्ही दुपारची बॉटल आधी काढली, मग सकाळची. साधा उघडा छोटा कप, त्यात दोन घोटच दूध, सांडलं तर दोन घोटच सांडतं. तिला तो कप दोन्ही हातांनी धरून नाकापर्यंत आत घालायला आवडतं, पिऊन झालं की वरच्या ओठावर पांढरी रेघ आणि मग ती जिभेने शोधत बसते. महागडे सिपर आणायची काही गरज नाही असं माझं मत झालंय.

दूध कमी केल्यावर दुसऱ्याच दिवशी ताट फस्त होईल असं कोणी समजू नये. काही दिवस नुसती चिडचिड होती. संध्याकाळी दूध मागत माझ्या पायाला मिठी मारून रडायची तेव्हा मला पण रडू यायचं, नवरा तिला उचलून खिडकीत न्यायचा, पाणी द्यायचा, मग अर्ध्या तासाने जेवण. पण हळूहळू भूक जागेवर यायला लागली. भूक लागलेलं मूल आणि भूक नसलेलं मूल ही दोन वेगळी मुलं असतात, हे मी आता कोणालाही सांगायला तयार आहे. आमचं आता दर अडीच-तीन तासांनी काहीतरी खाणं असतं, तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, आणि त्यामधे फक्त पाणी. मधे बिस्किट नाही, ज्यूस नाही, रडते म्हणून हातात काहीतरी कोंबणं नाही.

आणि किती खाल्लं हे बघायची माझी नजर पण बदलली. हे मला कोणी आधीच सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, 3 किलोचं बाळ 9 किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात वाढतात फक्त दोन-अडीच किलो. मग भूक कमी होणारच ना! वाढायचा वेगच कमी झालाय तर तेवढं इंधन कशाला लागेल. आपण मात्र दहा महिन्यांची असताना कशी वाटीभर खायची हे आठवून घाबरत असतो. या वयाला एका पदार्थाचा अंदाज वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा इतकाच सांगतात. म्हणजे आमच्या लेकीला एक चमचा भात, एक चमचा भाजी, छोटासा अंड्याचा तुकडा, झालं जेवण. मी आता ताटात तेवढंच वाढते, हवं असेल तर ती हात पुढे करते.

साधारण दीड वर्षाच्या पुढे मुलं नवीन पदार्थाला घाबरायला लागतात, कालपर्यंत खाल्लेलं पण आज नको होतं. हे सहा वर्षांपर्यंत कमीजास्त चालू राहतं. चालायला लागलेलं मूल काहीही तोंडात घालेल म्हणून निसर्गाने ठेवलेली सावधगिरी असावी असं काहीजण म्हणतात आणि मला ते पटतं. नवीन चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे खाणंच असं नाही, बघणं, हात लावणं, वास घेणं, चाटून थुंकणं, हे सगळं धरायचं.

गाजराचं आमच्याकडे असंच झालं. वाफवून मऊ केलेल्या गाजराच्या बोटाएवढ्या फोडी, मी तिच्या ताटात एकच ठेवायची. आधी ती उचलून थेट जमिनीवर. मग काही दिवस ताटाच्या कडेला सरकवून ठेवायची, जणू त्याची तीच जागा. मग एकदा बोटांनी दाबून चिरडलं आणि बोटांमधून बाहेर आलेला केशरी लगदा कितीतरी वेळ बघत बसली. आम्ही दोघं काही बोललो नाही, आपापलं जेवत राहिलो (हे फार अवघड असतं हो, बघ बघ खातेय असं ओरडावंसं वाटतं). मग कधीतरी नवऱ्याच्या ताटातलं गाजर उचलून खाल्लं, स्वतःच्या नाही, त्याच्या. आता खाते, रोज नाही, पण खाते.

ठसक्याची भीती मला सगळ्यात जास्त होती. दाणेदार काही दिलं की ती ओ ओ करायची आणि माझा हात मिक्सरकडे जायचा. पण ओकारी येणं आणि घशात अडकणं यात फरक आहे, ओकारी आली की मूल आवाज करतं, खोकतं, लाल होतं, घास स्वतःच पुढे ढकलतं, ती शरीराची राखणच आहे. खरंच अडकतं तेव्हा आवाज येत नाही, खोकता येत नाही, रडता येत नाही, रंग निळसर होतो. तेव्हा काय करायचं हे आम्ही दोघांनी शिकून घेतलंय आणि आजीलाही दाखवलंय. तेवढं केल्यावर मिक्सर सोडायची हिंमत आली, कारण चावायचा सराव जितका लांबवाल तितकं पुढे जड जातं. द्राक्षं उभी चार भागात कापून, सफरचंद वाफवून, अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कच्चं गाजर अजिबात नाही, आणि खाताना कायम बसून, पळत पळत एकही घास नाही.

भरवण्याबद्दल. एलिन सॅटर म्हणून एक अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी कामाची वाटणी सांगितलीय, काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि खायचं की नाही, किती खायचं हे मुलाने. वाचायला सोपं आहे, आई म्हणून पाळायला जीव जातो. कारण शेवटचा एक घास, हा आजीचा, हा बाबाचा, हे आपल्या जिभेवरच असतं. पण मी बघतेय की ज्या दिवशी आम्ही मागे लागत नाही त्या दिवशी ती जास्त खाते. फोन दाखवून दुप्पट घास जातात हे खरंय, पण तेव्हा तिला कळतच नाही की ती जेवतेय, पोट भरलं हेही कळत नाही. मला तिचं हे कळणं जपायचंय.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1920 च्या दशकात एक प्रयोग सुरू केला होता तो मला फार धीर देतो. नुकतंच दूध सुटलेल्या 15 बाळांसमोर साधे ताजे पदार्थ ठेवायचे आणि नर्सने काही सुचवायचं नाही, बाळ ज्याला हात लावेल तेवढंच द्यायचं. मुलांनी एकेका वेळेला विचित्र जेवणं केली, पण हिशोब लांबवर बघितला तर सगळी छान वाढली. मुडदूस (ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात तो आजार) असलेल्या एका बाळाने तर बरं होईपर्यंत कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे ते जीवनसत्त्व भरपूर असलेलं माशाचं तेल, स्वतःहून घेतलं. फक्त त्यात साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, खरी युक्ती पदार्थांच्या यादीतच होती हे डेव्हिसबाईंनी स्वतःच 1939 मधे लिहिलंय. म्हणजे निवड मुलाची, पण कशातून निवडायचं ते आपल्या हातात. म्हणून मी आता एका जेवणाचा हिशोब करत नाही, आठवड्याचा करते.

अर्थात सगळंच सोडून द्यायचं नाही. वजन घटत असेल, ग्रोथ चार्टवरची रेघ खाली खाली येत असेल, दुधाने अंगावर गांधी उठत असतील, शीमधे रक्त दिसत असेल, प्रत्येक घासाला उलटी होत असेल किंवा मूल खातं त्या पदार्थांची यादी रोज आखडत चालली असेल तर तो नखरा नाही, डॉक्टरांकडेच जायचं. आमची रेघ तिच्या जागी सरळ चाललीय.

आता राहिलीय ती रात्रीची बॉटल. ती सगळ्यात अवघड आहे कारण ती भुकेची नाहीये, झोपेची आहे. दूध तोंडात ठेवून झोपलं की दात किडतात हे माहितीये म्हणून ती काढायचीच. ठरवलंय असं की दर काही दिवसांनी त्यातलं दूध थोडं थोडं कमी करायचं, ते आधी कपातून द्यायचं, मग दात पुसायचे आणि मग झोप. लोहाच्या थेंबांचे दिवस संपत आलेत, पुढच्या महिन्यात परत रक्त तपासायचंय, त्याच्या आत हे जमवायचा विचार आहे. उद्या शुक्रवार आहे, नवऱ्याला परवा सुट्टी आहे, म्हणजे रात्री ती रडलीच तर दोघंही जागे राहू शकतो, तर उद्यापासूनच सुरू करू.