नेपाळचा ध्वज, पुढची नोंद: निळी किनार अखेर सपाट बसली

किनार बसली! नेपाळचा ध्वज शिवतोय: एकावर एक दोन किरमिजी पेनन (त्रिकोणी भाग), वरच्यात चंद्र, खालच्यात सूर्य, मध्ये खाच आणि भोवती निळी किनार. हीच किनार सपाट बसत नव्हती. आता खाचेत चुणी नाही, खालच्या पेननला झोळ नाही, आणि टांगून ठेवल्यावरही दोन्ही टोकं आपापल्या जागी आहेत. गेल्या नोंदीच्या वेळी नेपाळ बाजूला ठेवून कतारच्या ध्वजाकडे वळायचं जवळजवळ ठरलं होतं. नऊ दाते आणि ११:२८ चं लांबलचक प्रमाण असलं तरी तो निदान आयत आहे. पण जगात नेपाळचा हा एकच राष्ट्रध्वज आयतही नाही आणि चौरसही नाही. तो अर्धवट ठेवून पुढे जाणं मनाला पटेना.

बिंदूंची नावं आधीचीच ठेवतो: क हा हॉइस्टचा (काठीकडच्या उभ्या कडेचा) खालचा कोपरा, ख खालच्या पेननचं टोक, ग सगळ्यात वरचं टोक, छ वरच्या पेननचं टोक आणि ङ मधली खाच. या वेळी कख ६०० मिलिमीटर धरली, म्हणजे ४:३ च्या प्रमाणाने कग आपोआप ८०० झाली.

शिवणाकडे वळण्याआधी किनारीच्या रुंदीचं सांगतो, कारण त्यावर बरेच प्रश्न आले होते. १६ डिसेंबर १९६२ ला हा ध्वज राज्यघटनेतून अधिकृत झाला. त्याची आखणी शंकरनाथ रिमाल या स्थापत्य अभियंत्याची, आणि घटनेच्या परिशिष्टातली ध्वज आखायची २४ कलमं वाचताना ते कळतंच. पहिलंच कलम किरमिजी कापडाच्या खालच्या भागावर रेघ मारायला सांगतं. कागदावर नाही, थेट कापडावर! पुढे आकार, चंद्र, सूर्य असं करत किनार शेवटी येते, आणि तिच्या रुंदीला आकडा दिलेलाच नाही. किनार चंद्राच्या आकृतीतल्या नढ या अंतराइतकी घ्यायची. हे नढ मिळवायचं तर आधी चंद्राचा मध्य ड काढा, तिथून खालच्या तिरक्या रेघेपर्यंतचं लंब अंतर घेऊन ढ काढा, मग ढ केंद्र धरून कंस मारा, तो चंद्राच्या खालच्या वर्तुळाला छेदतो ते दोन बिंदू जोडा, तेव्हा कुठे न सापडतो. गणिताने नढ येतं कखच्या ०.०४३०४ पट. माझ्या मापाला २५.८ मिलिमीटर.

म्हणजे चंद्र काढल्याशिवाय या ध्वजाची बाहेरची कडाच ठरत नाही. आतलं किरमिजी क्षेत्र ४:३ आहे, पण किनारीसकट उंची भागिले रुंदी येते १.२१९०१…, दशांशानंतर कधीच न संपणारा आकडा. ही रचना मला आजवर शिवलेल्या सगळ्या ध्वजांत सुंदर वाटते. देश चंद्रसूर्य असेपर्यंत टिको, हा त्या दोन चिन्हांचा अर्थ. शिलालेखांवर दान कायम राहावं म्हणून चंद्रसूर्य कोरतात, त्याच विचाराचा. इथे तर चंद्र साऱ्या ध्वजाची सीमाच आखून देतो.

याचा आणखी एक परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो. आत दोन्ही पेनन ६०० चेच. किनार लावली की मात्र वरचं टोक खालच्यापेक्षा २७.५ मिलिमीटर पुढे जातं. छचा कोन ३२ अंशांचा आणि खचा ४५ चा. कोन जितका निमुळता, तितकी किनारीची टोकाची जोडणी लांबते, आणि बाहेरचे कोन आतल्या कोनांइतकेच राहावेत असं २३ वं कलम बजावतं. मी हाताळलेल्या तयार ध्वजांत दोन्ही टोकं सर्रास एका उभ्या रेघेत आणलेली असतात. पट्टी लावा आणि बघा. एवढी काळजीपूर्वक लिहिलेली आखणी हाताशी असताना ती टोकं छाटून सरळ करणं मला अजिबात मान्य नाही.

आता ज्यात सगळा वेळ गेला ते.

खङ ही रेघ बरोबर ४५ अंशात आहे. म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना ती पक्की उरेब, म्हणजे तिरकी. उरेब कड ताणली की लांबते, नुसती टांगली तरी वजनाने लांबते. पहिल्या नमुन्यात ही ६०० ची कड रात्रभर टांगल्यावर ६०८ भरली. तिच्यावर शिवलेली निळी पट्टी मात्र सरळ धाग्यात कापलेली, ती ६०० वरच राहिली. मधले आठ मिलिमीटर लाटा होऊन वर आले. गछ कडही तिरकीच, पण ती आडव्या धाग्याशी ३२ अंशात, त्यामुळे तिथे लाटा कमी होत्या.

कापड फिरवून बघावं, असं तुमच्यापैकी काहींनी सुचवलं होतं. फिरवलं तर खङ सरळ धाग्यात येते खरी, पण मग हॉइस्टची कग उरेब होते. सगळा भार कगवर असतो. ती ताणली की अख्खा ध्वज वाकडा लोंबतो. तेव्हा किरमिजी कापडाचा उभा धागा कगशी समांतरच हवा, यात तडजोड नाही.

मग कडेला कापण्याआधीच बारीक टीप मारून ठेवली. थोडा फरक पडला, पण लाटा पूर्ण गेल्या नाहीत. चिकट अस्तराने कड एकदम शिस्तीत बसली, पण ध्वज पुठ्ठ्यासारखा ताठ झाला आणि वाऱ्यावर हलेना. चिकट अस्तर भिंतीवर लावायच्या ध्वजाला ठीक, फडकवायच्या ध्वजाला नको. कापड चिकटवायच्या फवाऱ्याबद्दलही माझं हेच मत. सुई चिकट होते, टाके गळतात, आणि धुतल्यावर डाग राहतो. कच्चा धावदोरा घालायला वेळ लागतो, पण तोच खरा.

खाच त्याहून छळणारी. ङपाशी मोकळा कोन फक्त ४५ अंशांचा. वरून एक पट्टी येते, खालून दुसरी, आणि दोघींची रुंदी मिळून खाचेचा आतला भाग पूर्ण निळा होतो, ङपासून बाहेर ६२ मिलिमीटरपर्यंत. त्या चिंचोळ्या जागेत दोन पट्ट्यांची माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड), किरमिजी कापडाची माया आणि दुमड असे थर साठतात. मशीनचा पाय त्यावर चढतच नाही. माया कमी ठेवली तर धागे सुटतात, कारण एका बाजूला पुन्हा तीच उरेब कड.

यातून वाट निघाली ती पट्ट्याच टाकून देण्यातून. निळ्या कापडाचा अख्खा बाह्याकार एकाच तुकड्यात कापायचा, त्यावर किरमिजी आकार ठेवून कडेने शिवायचा, आणि मागून टीपेच्या आतलं निळं कापून काढायचं. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि खाचेत जोडच राहत नाही. खाचेचा प्रश्न सुटला. पण उरेबचा प्रश्न तसाच होता, उलट वाढला. आता निळी कडही त्याच धाग्यात, म्हणजे दोन्ही थर एकत्र ताणले जाणार.

बाह्याकाराचा कागदी साचा निळ्या कापडावर ठेवत असताना सुचलं, की निळं कापड किरमिजीच्याच धाग्यात का कापायचं? साचा ४५ अंशांत फिरवला. आता निळ्यात खङ पूर्णपणे सरळ धाग्यात आली. गछ आणि खङ या दोन तिरक्या कडा एकाच दिशेला उतरतात, त्यांच्यात फक्त १३ अंशांचा फरक, त्यामुळे गछही जवळपास सरळ धाग्यात आली. उलट कख, कग आणि ङछ या कडा निळ्यात उरेब झाल्या, पण तिथे किरमिजी कापड सरळ धाग्यात आहे आणि ते धरून ठेवतं. जिथे एक थर ढिला, तिथे दुसरा घट्ट. धावदोरा घालून टांगलं, दुसऱ्या दिवशी मोजलं: खङ ६००!! मग कुठे मशीनवर बसलो.

कगच्या बाजूची थोडी भीती होती, कारण मागचं निळं काढल्यावर तिथली किनार एकटी उरते, तीही उरेब. ती अडचण २४ व्या कलमानेच सोडवली. दोरीवर चढवायच्या ध्वजाला ठरलेली किनार, पण काठीवर लावायचा असेल तर हॉइस्टच्या बाजूची किनार काठीसाठी गरजेप्रमाणे वाढवता येते. तेव्हा तिथे नेफा केला आणि त्यात जाड सुती पट्टी घातली. भार सगळा तिच्यावर.

दोन सूचना, ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी. तिन्ही कापडं आधी धुऊन इस्त्री करून घ्या, कारण आता थर वेगवेगळ्या धाग्यात आहेत आणि नंतर आटली तर वेगवेगळ्या दिशेने आटतील. आणि मागचं निळं कापताना बोथट टोकाची कात्री वापरा. टोकदार कात्री खाचेपाशी किरमिजीत घुसते.

चंद्रसूर्य या मानाने आनंदाचे. सूर्याचं आतलं वर्तुळ ८१ मिलिमीटर त्रिज्येचं, बाहेरचं १२८ चं, आणि मधल्या जागेत बारा सारखे त्रिकोण, त्यातल्या दोघांची टोकं मधल्या उभ्या रेघेवर. बारा तुकडे वेगळे कापण्याऐवजी बारा टोकांचा सूर्य एकाच तुकड्यात कापला. त्रिकोणांचे पाये आतल्या वर्तुळावर एकमेकांना लागूनच आहेत, त्यामुळे आकारात काही फरक पडत नाही. चंद्रावरचे आठ त्रिकोण मात्र जेमतेम २२ मिलिमीटर उंचीचे. दुमडून शिवायचे तर टोकं बोथट होतात. तिथे कड न दुमडता दाट झिगझॅग मारला आणि टोकावर सुई कापडात ठेवून पाय उचलून वळवला. आठही टोकं धारदार आली आहेत. पांढऱ्याच्या मागचं किरमिजीही कापून काढलं, त्यामुळे उजेडासमोर धरलं तरी चंद्र स्वच्छ पांढरा दिसतो. त्या परिशिष्टाच्या शेवटी कोणत्या रेघा फक्त कल्पनेतल्या आहेत आणि ध्वजावर दिसता कामा नयेत, त्याची यादीच दिली आहे. म्हणून आखणीला साधा शिंप्याचा पांढरा खडू घेतला, तो झटकला की जातो. पाण्याने जाणारे पेन किरमिजीवर नीट दिसतही नाहीत, आणि इस्त्री लागली की पक्के होतात.

रंगाबद्दल एकच तक्रार. किरमिजी मागवलं की हमखास साधं लाल येतं, दोन विक्रेत्यांकडून तेच झालं. शौर्याचा आणि लालीगुराँसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलाचा म्हणून सांगितला जाणारा हा रंग जरा निळसर झाक असलेला हवा, तरच शेजारची निळी किनार उठून दिसते. शेवटी नमुन्याचा तुकडा बघितल्याशिवाय कापड घ्यायचंच नाही असं ठरवलं.

हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. पुढे कख ९०० घेऊन मोठा ध्वज करायचा होता, किनार ३८.७ मिलिमीटर. पण १९६२ च्या आधी नेपाळच्या चंद्रसूर्यांना मानवी चेहरे होते. मागून कापायच्या पद्धतीत ते चेहरे भरतकामाने करता येतील, पण मागच्या बाजूला टाके उलटे दिसतील. म्हणजे पांढरं कापड दुहेरी घ्यावं लागेल. पॅराग्वेसाठी, त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळी चिन्हं असल्यामुळे, मधला अपारदर्शक थर आणून ठेवलाच आहे. तो आधी इथेच वापरून बघेन.

आणि कतार अजून थांबेल. धागे फिरवून लावायची ही युक्ती जिथे खरी कसाला लागेल तो ध्वज ओहायोचा. अमेरिकेच्या राज्यध्वजांत आयत नसलेला हा एकटाच. जॉन आइझेनमन यांनी १९०१ च्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनासाठी केला आणि १९०२ मध्ये राज्याने स्वीकारला. हॉइस्टला निळा त्रिकोण, त्यात सतरावं राज्य म्हणून १७ तारे, पांढऱ्या वर्तुळात लाल चकती, पुढे लाल-पांढरे पट्टे, आणि फ्लायला (काठीपासून दूरच्या टोकाला) पुन्हा खाच. वरची-खालची कडही फ्लायकडे निमुळती होत जाते, म्हणजे हॉइस्ट सोडला तर एकही बाहेरची कड सरळ धाग्यात नाही. इथे निळा थर सगळीकडे पसरलेला नाही, त्यामुळे आधाराचा थर कोणत्या रंगाचा घ्यायचा हेच अजून ठरत नाही. पांढरा घेतला तर लाल पट्टे वर शिवून मागून पांढरं काढता येईल, पण मग खाचेच्या टोकांना आधार उरत नाही. ओहायो कोणी शिवला असेल, तर पट्टे आधी जोडून मग खाच कापली की आधाराच्या थरावर एकेक पट्टा चढवला, ते कळवा. त्याप्रमाणे कापड मागवतो.