गाडीवरचा बोजा उतरवताना

गाडी 2011 ची, पेट्रोल सेडान, एमएच 04. सोसायटीतल्याच काकांकडून घेतली. ती कुरकुरते याबद्दल माझी तक्रार नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं की टेम्परेचरचा काटा वर चढतो, मग एसी बंद, काचा खाली. कूलंटचा कॅन कायम डिकीत. ते चालायचंच. डोकं फिरवलं ते फायनान्स कंपनीने.

आरसीवर बोजा होता, म्हणजे काकांना गाडीसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव अजून चढलेलं होतं. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसतो, सौद्याआधी बघाच. काका म्हणाले, "अरे, हप्ते केव्हाच फिटले, कंपनीचा ना-हरकतीचा कागद, एनओसी, काढायचा राहिलाय एवढंच." मी म्हटलं, "मग वीस हजार माझ्याकडे राहू देत, कागद आला की देतो." त्यांना जरा लागलं. पण त्या वीस हजारांमुळेच ते माझ्याबरोबर कंपनीच्या वाशीच्या शाखेत हेलपाटे घालत राहिले. (लोकलने. या गाडीने गेलो असतो तर शाखा बंद व्हायच्या आत पोचलो असतो का, देव जाणे.)

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, हा लोन नंबर सिस्टीममध्ये येत नाही."
"म्हणजे कर्ज बाकी नाही ना? मग तसं लिहून द्या."
"लोनच दिसत नाही, तर एनओसी कशाची देऊ?"

मधल्या काळात ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि जुने नंबर बदलले होते, हे आम्हाला खूप नंतर कळलं. हेड ऑफिसला मेल टाकला. तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला, मग ती निकाली काढल्याचा. काय निकाली काढलं, कुणास ठाऊक! शेवटी काकूंनी कपाटातून कराराची पिवळी पडलेली प्रत काढून दिली. तिच्यावर चेसिस नंबर होता. दुसऱ्या काउंटरवरच्या बाईंनी तो टाकला आणि खातं मिनिटभरात समोर! एका परत गेलेल्या चेकचा दंड बाकी, साडेपाचशे रुपये. ते मी वीस हजारांतून वळते केले. तेव्हा लोन नंबर लागत नसेल तर वाद घालू नका, चेसिस नंबरवर शोधायला सांगा.

एनओसीबरोबर फॉर्म 35 च्या, म्हणजे बोजा उतरवायच्या अर्जाच्या, दोन प्रती मिळतात. आमच्या एकीवर शिक्काच नव्हता. काउंटर सोडण्याआधी दोन्ही बघून घ्या. एनओसीला मुदत असते, ती घरात ठेवून देऊ नका.

पुढे आरटीओचं काम सरळ झालं. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30, विमा, पीयूसी. थकलेली ई-चलनं काकांनी आधीच भरली होती. नवी आरसी पोस्टाने आली.

पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आहेच, फॉर्म 25, फी 5000 आणि वर पर्यावरण कर. ते तेव्हा बघू. आणि हो, नाव बदललं की 14 दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, फरकाचे पैसे आपल्याला भरावे लागतात.